लुसीबाई लॉइड

आजीजवळ बसून चिमणी-कावळ्याच्या गोष्टी ऐकल्या नाहीत अशी भगिनी आपल्या मंडळात क्वचितच असेल. पण त्या वहीत उतरवून ठेवाव्यात असे कितीजणींच्या मनात आले? लुसीबाई लॉइड यांनी तर परमुलखातील परक्या लोकांच्या गोष्टी लिहून घेण्यात उभे आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १८३४ सालचा, इंग्लंडातला. आई लहानपणीच वारली. वडील धर्मोपदेशक, त्यांच्याबरोबर १८४९ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत आल्या. पुढे बहीण जेमायमा हिचे लग्न केपटाउनचे ग्रंथपाल व जर्मन भाषापंडित विल्हेल्म ब्लीक यांच्याशी झाले आणि लुसीबाई त्यांच्याच घरी राहू लागल्या. लग्न त्यांनी केले नाही.

१८७० साली ब्लीकसाहेबांना कळले की बंदराच्या कामावरील तुरुंगात २८ बुशमन कैदी आहेत. शिकारीची राने गोऱ्या शेतकऱ्यांनी बळकावल्यावर या लोकांनी जनावरे चोरली, यात नवल ते काय! गव्हर्नरच्या परवानगीने एक तरुण कैदी घरी राहावयास आला.

पण गोष्ट ऐकण्यापूर्वी भाषा यावी लागते, आणि या भाषेला ना लिपी ना कोश. हळहळताना आपण जीभ दाताशी लावून चुकचुकतो, टांगेवाला घोडा हाकताना गालात जीभ वाजवतो. तसले आवाज या भाषेत चक्क अक्षरे आहेत. ब्लीकसाहेबांनी त्यांना चिन्हे ठरवून दिली. मग वस्तू नि चित्रे दाखवून एकेक शब्द, नंतर वाक्ये असा अभ्यास चालला. वहीत एका बाजूस मूळ शब्द व शेजारी इंग्रजी अर्थ लिहावयाचा, आणि समोरचे पान मागाहून सुचेल त्या खुलाशासाठी कोरे ठेवावयाचे. ही कोरी पाने ठेवण्याची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

१८७१ च्या फेब्रुवारीत काबो नावाचे वृद्ध गृहस्थ आले. काबो म्हणजे स्वप्न. त्यांच्यापाशी गोष्टींचे भांडारच होते: खोडकर देवतारूप प्रार्थना-कीटकाच्या, आकाशात राख उधळून आकाशगंगा करणाऱ्या मुलीच्या. शिक्षा संपल्यावरही, बायकोची ओढ असताना, आपल्या गोष्टी पुस्तकात जाव्यात म्हणून ते १८७३ पर्यंत राहिले. बंदूक देण्याचे वचनही त्यांना मिळाले होते. घरी परतल्यावर १८७६ मध्ये ते वारले.

ब्लीकसाहेब १८७५ मध्ये निवर्तले. त्यांची ग्रंथालयातील जागा लुसीबाईंना मिळाली, पण अर्ध्या पगारावर! १८८० मध्ये तीही गेली. वह्या मात्र भरतच होत्या. दोघांची मिळून १०,००० हून अधिक पाने झाली, त्यांतील बहुतेक बाईंच्या हातची. निवडक गोष्टींचे पुस्तक निघावयास १९११ साल उजाडले. भाची डोरोथियाने त्यात हातभार लावला. १९१३ मध्ये केपच्या विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या देशात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले.

ती भाषा बोलणारे आज कोणी उरलेले नाही. पण २००० साली दक्षिण आफ्रिकेने आपल्या राजचिन्हावर ब्रीदवाक्य घातले ते काबोंच्या भाषेतले.