बाळाची पहिली परीक्षा घेणाऱ्या डॉ. ॲपगार

प्रसूतीत मातेला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो, हा प्रश्न डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी ऐरणीवर आणला. ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सीत जन्मलेल्या व्हर्जिनिया यांना शल्यविशारद व्हायचे होते. परंतु त्या क्षेत्रात स्त्रीचा निभाव लागणे कठीण, हे ओळखून गुरू डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळविले. १९४९ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

१९५२ मध्ये त्यांनी नवजातासाठी १० गुणांची कसोटी आखली. हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेचा रंग या प्रत्येकास ० ते २ गुण. जन्मानंतर मिनिटभरात ही नोंद होऊ लागली आणि निपचित बाळांकडे तातडीने लक्ष जाऊ लागले. पुढे सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात सायक्लोप्रोपेन या भुलीच्या वायूमुळे बाळे मंदावतात, असे आढळले. हा वायू खुद्द ॲपगार यांच्या विशेष आवडीचा; तरीही प्रसूतीत त्यांनी तो सोडून दिला. हातखंडा असलेले औषध असे टाकणे डॉक्टरला सोपे नसते.

फावल्या वेळी त्या व्हायोला वाजवीत, तंतुवाद्येही घडवीत. ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.