विद्यार्थ्यांचे वाटाडे : वामन शिवराम आपटे

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आज ना उद्या आपट्यांचा कोश येतोच. परंतु त्या जाडजूड ग्रंथाचे कर्ते वृत्तीने शिक्षक होते आणि मुलांना मॅट्रिकच्या परीक्षेस तयार करणाऱ्या एका शाळेसाठी त्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. परीक्षेच्या चिंतेने ग्रासलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपुढे म्हणूनच आम्ही हे चरित्र ठेवीत आहोत.

वामनरावांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानात, बांद्याच्या बाजूच्या एका खेड्यात झाला. बांद्याहून गोव्याची सीमा ती किती दूर! तेव्हा ते आम्हां गोमंतकीयांचे शेजारीच म्हणावयाचे. घरची स्थिती हलाखीची. वामनराव आठ वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले आणि मातेने मुलांना घेऊन कोल्हापूरची वाट धरली. पोटाचीच जेथे भ्रांत, तेथे विद्येची कथा काय? परंतु कोल्हापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांची दृष्टी या मुलावर गेली. त्यांनी त्याची बुद्धी पारखली आणि त्याला मदतीचा हात दिला. ती दृष्टी त्या मुलावर पडली नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी करावा.

त्या काळी मॅट्रिक ही केवळ शाळेची अखेर नव्हती. महाविद्यालयाचा दरवाजा तिच्याच किल्लीने उघडत असे. मुंबई विद्यापीठ ही परीक्षा १८५९ पासून घेऊ लागले होते. उत्तरे इंग्रजीत लिहावयाची. त्यामुळे हुशार मुलेही गारद होत. पुढे पोर्तुगीज अमदानीत आमच्या गोव्यातील इंग्रजी शाळांची मुलेही याच विद्यापीठाच्या परीक्षेस बसत, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना स्मरत असेल. वामनराव १८७३ साली ही परीक्षा उत्तीर्ण झाले. इतकेच नव्हे, तर संस्कृतातील प्रावीण्याबद्दल दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते १८७७ साली बी. ए. आणि १८७९ साली एम. ए. झाले.

त्या काळच्या एम. ए. पदवीधराला सरकारी नोकरी दुर्लभ नव्हती. परंतु १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि त्याच वर्षी वामनराव त्यांना जाऊन मिळाले. शाळेचा कारभार लवकरच त्यांच्याकडे आला. सरकारी मदतीवाचून एतद्देशीयांनी चालविलेली शाळा टिकेल काय, अशी शंका अनेकांना होती. तिला उत्तर देण्याचे साधन एकच, ते म्हणजे मॅट्रिकचा निकाल. शाळेच्या विद्यार्थ्यांनी ते उत्तर दिले. ज्या शिष्यवृत्तीने वामनरावांना हात दिला, तीच त्यांच्या शाळेच्या मुलांनी एकाहून अधिक वेळा मिळविली. १८८२ साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटरसाहेब यांनी शाळा पाहून तिचा मुक्तकंठाने गौरव केला.

मात्र वामनरावांचा मार्ग घोकंपट्टीचा नव्हता. १८८१ साली त्यांनी संस्कृत लेखनाचे मार्गदर्शक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यात आधी नियम, मग कालिदास-भवभूतींसारख्या ग्रंथकारांची उदाहरणे आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः सोडवावयाचे पाठ अशी मांडणी आहे. नियम पाठ करून भागत नाही, वाक्य स्वतः घडविता आले पाहिजे, हे त्यातील मर्म. परीक्षेची तयारी आणि विद्येची गोडी यांचे वैर नाही, हे हे पुस्तक उघडताच पटते.

शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढची वाटही दाखविली पाहिजे, म्हणून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. वामनराव त्याचे पहिले प्राचार्य. हा भार वाहतानाच त्यांनी १८९० साली आपला संस्कृत-इंग्रजी कोश पुरा केला; तोही प्रामुख्याने विद्यार्थ्यांची अडचण ओळखूनच. त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ ऑगस्ट १८९२ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे चौतीस.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षा आजही आहेत आणि त्यांचे भयही आहे. पण एका हेडमास्तरांनी एका पोरक्या मुलाला वाट दाखविली आणि त्या मुलाने मोठेपणी ती शेकडोंना दाखविली, हे विसरू नका. गुण मिळविताना कोणाचा तरी हात आपल्याला लागलेला असतो. ते ऋण गुणपत्रिकेने फिटत नाही. मागून येणाऱ्याला हात दिल्यानेच फिटते. आम्हां शिक्षकांसाठीही यात एक धडा आहे. वर्गातल्या शेवटच्या बाकावर एखादा वामन गप्प बसलेला असेल. त्याच्यावर आमची दृष्टी गेली पाहिजे.