विश्लेषण : पुण्यात आगाखान पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान इजिप्तच्या टेकडीवर का विसावले?

इजिप्तमधील अस्वान शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावरील टेकडीवर एक मकबरा आहे. तो आहे सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजेच तिसरे आगाखान यांचा.

कोण होते तिसरे आगाखान?

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीत झाला. वडिलांच्या निधनानंतर १८८५ मध्ये, अवघ्या सातव्या वर्षी ते निझारी इस्माइली पंथाचे ४८ वे इमाम झाले. पुढे मुस्लीम लीगचे पहिले अध्यक्षपद आणि १९३७ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली.

हिरेतुला कशासाठी?

इमामपदाच्या हीरकमहोत्सवानिमित्त १९४६ मध्ये मुंबईत अनुयायांनी त्यांची हिऱ्यांनी तुला केली. यातून उभा राहिलेला निधी समाजाच्या उन्नतीसाठी वापरण्यात आला.

अस्वानच का?

इस्माइली इमाम स्वतःला फातिमी खलिफांचे वंशज मानतात. या खलिफांची इजिप्तवर ९६९ ते ११७१ अशी सत्ता होती. शिवाय टेकडीच्या पायथ्याशी आगाखानांचा हिवाळी बंगला होता. ११ जुलै १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले आणि इच्छेनुसार अस्वानमध्ये दफन झाले. फातिमी शैलीतील मकबऱ्यात २००० मध्ये पत्नीलाही त्यांच्याशेजारी दफन करण्यात आले. नातू चौथे आगाखान यांचा दफनविधीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्वानलाच झाला.

पुण्याशी नाते काय?

आगाखान पॅलेस १८९२ मध्ये दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी बांधला गेला. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी गांधीजींना तिथेच स्थानबद्ध केले. आज त्या आवारात कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधी आहेत. वास्तू बांधणारा मात्र नाईलकाठी विसावला आहे.