संत गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया (जन्म : वसई, सुमारे १५५७, मृत्यू : नागासाकी, जपान, ५ फेब्रुवारी १५९७) हे भारतात जन्मलेले पहिले रोमन कॅथलिक संत होत. धर्मश्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यास ख्रिस्ती परंपरेत रक्तसाक्षी म्हणतात. रोमन साम्राज्यातील आद्य ख्रिस्ती रक्तसाक्षींपासून चालत आलेल्या या परंपरेत वसईच्या या पुत्राची गणना होते.

पूर्वायुष्य

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज सैनिक व आई स्थानिक होती, असे मानले जाते. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. सेबास्तियाँव गोन्साल्विस या धर्मगुरूंबरोबर ते पंधरा-सोळा वर्षांचे असताना जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे सेवा केली.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. संघ सोडून ते व्यापारात शिरले आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संन्याशांचा सहवास लाभल्यावर त्यांनी व्यापाराचा त्याग केला व त्या संघात प्रवेश घेतला. तेथेही ते धर्मगुरू झाले नाहीत; अखेरपर्यंत साधे धर्मबंधूच राहिले.

जपानमधील कार्य

१५८७ मध्येच जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने धर्मगुरूंनी देश सोडावा, असा आदेश काढला होता. त्याची अंमलबजावणी मात्र सैल होती. फिलिपीन्सने आपले स्वामित्व मान्य करावे, अशीही त्याची मागणी होती. या पेचातून वाट काढण्यासाठी तेथील स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. त्यात दुभाषा म्हणून गोन्सालो यांची निवड झाली. हिदेयोशीच्या दरबारात शिष्टमंडळाची सारी भिस्त त्यांच्या जिभेवर होती. फ्रान्सिस्कनांना क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली.

हौतात्म्य

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला. स्पेन आधी धर्मगुरू पाठवते व मागाहून सैन्य, अशा आशयाचे उद्गार जहाजाच्या सुकाणूधराने काढल्याचे सांगितले जाते. ते खरोखर काढले गेले की नाही, यावर पुढे दोन्ही संघांत दीर्घकाळ वाद चालला. परिणाम मात्र स्पष्ट होता. डिसेंबर १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांना अटक झाली. राजकीय संशयाची किंमत रुग्णसेवा करणाऱ्यांनी मोजली.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नंतर ऐन थंडीत, गावोगाव लोकांना दाखवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. मूळचे बंदी चोवीस. वाटेत आणखी दोघांची भर पडली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी श्रावक असे ते सव्वीस जण होते. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता.

निशिझाका टेकडीवर क्रूस जमिनीवर मांडून ठेवले होते. परंपरेनुसार गोन्सालो यांनी आपला क्रूस कोणता, हे विचारले, गुडघे टेकून त्याला मिठी मारली आणि सर्वांआधी क्रूसावर चढले. तेथे खिळे ठोकण्याची रीत नव्हती. दोर व लोखंडी कड्यांनी जखडून दोन्ही बाजूंनी भाले खुपसले जात. ज्या भाषेने त्यांना दरबारात नेले, त्याच भाषेत ते क्रूसावरून जमलेल्या लोकांशी बोलत राहिले, असे चरित्रकार नोंदवतात.

संतपद व स्मृती

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या सव्विसांना धन्य घोषित केले, तर पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. त्या घटनेच्या शताब्दीनिमित्त १९६२ मध्ये निशिझाका येथे स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. वसई परिसरातील गास येथील चर्च व वसईतील महाविद्यालय गोन्सालो यांच्या नावाने ओळखले जाते. कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक पंचांगात ६ फेब्रुवारीचा सण 'पॉल मिकी आणि सोबती' या नावाने नोंदलेला आहे. वसईचे गोन्सालो त्या सोबत्यांपैकी एक.