समुद्र किती नितळ आहे, हे पांढऱ्या तबकडीने मोजणारा धर्मगुरू

पाणी नितळ आहे की गढूळ, हे कुणीही सांगेल. पण किती नितळ? हा आकडा काढायची एक साधी युक्ती आजही अँजेलो सेक्की यांच्या नावाने ओळखली जाते.

सेक्की यांचा जन्म १८१८ चा, इटलीतल्या रेज्जो एमिलियाचा. ते जेझुइट धर्मगुरू झाले, पण जीव रमला आकाशात. १८४८ च्या राजकीय उलथापालथीत जेझुइटांना रोम सोडावं लागलं. सेक्की आधी इंग्लंडला, मग अमेरिकेला गेले. परत आल्यावर रोममधल्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि प्रकाशाच्या वर्णपटावरून ताऱ्यांचे गट पाडू लागले.

१८६५ मध्ये पोपच्या आरमारातले अधिकारी अलेस्सांद्रो चाल्दी यांनी त्यांना जहाजावर बोलावलं. दोरीला पांढरी तबकडी बांधायची, पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली मोजायची. सोप्पं वाटतं ना?

खरी गोम पुढेच आहे. सूर्य कलला, ढग आले, जहाजाची सावली पडली, तबकडीचा आकार किंवा रंग बदलला, की पाणी तेच पण आकडा वेगळा! म्हणून सेक्की यांनी नुसती खोली मोजली नाही, तर तिच्यात फरक पाडणाऱ्या गोष्टीही तपासल्या.

१८७८ मध्ये त्यांचं निधन झालं. आज पाण्याचा नितळपणा उपग्रहावरूनही काढतात. पण तो अंदाज पडताळायला अजूनही बोटीतून तबकडी सोडली जाते आणि सोबत वेळ, ऊन, ढग यांची नोंद होते. कारण पाण्यावरचं मोजमापच डळमळीत असेल, तर उपग्रहाची चूक कळणार कशी?