शेतकऱ्याच्या शेतातले बियाणे

दरवर्षी १ जुलै हा दिवस महाराष्ट्रात 'कृषिदिन' म्हणून साजरा केला जातो. हा दिवस म्हणजे वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस.

वसंतरावांचा जन्म १९१३ साली यवतमाळ जिल्ह्यातील गहुली या छोट्याशा गावी एका बंजारा कुटुंबात झाला. त्यांचे वडील फुलसिंग हे शेतकरी होते. लहानपणी वसंतराव शेजारच्या गावी पायी चालत शाळेला जात. पुढे नागपूरला शिकून १९४० साली ते वकील झाले. मात्र त्यांचे मन शेतीतच रमत असे.

१९६३ साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९७५ पर्यंत ते त्या पदावर होते. तो धान्यटंचाईचा काळ होता. रेशनच्या दुकानांत परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळत असे. आपल्या कोरडवाहू शेतांत ज्वारीचे पीक फार थोडे येई.

१९६४ साली शास्त्रज्ञांनी संकरित ज्वारीचा पहिला वाण तयार केला. ही ज्वारी भरघोस पिके. ती गावोगावी पोहोचावी, असा ध्यास वसंतरावांनी घेतला. पण एक अडचण होती. संकरित ज्वारीचे दाणे पुन्हा पेरले, तर पीक पहिल्यासारखे येत नाही. त्यामुळे बियाणे दरवर्षी नवे लागते. इतके बियाणे आणायचे कोठून?

ते शेतकऱ्यांच्याच शेतात तयार होऊ लागले. शेतात मादी वाणाच्या चार ओळी आणि नर वाणाच्या दोन ओळी पेरायच्या. वाऱ्याने नर ओळींतील पराग मादी कणसांवर पडतो. भेसळीची ताटे उपटून टाकायची आणि शेवटी मादी ओळींतील कणसे वेगळी काढायची. तेच संकरित बियाणे! जवळपास दुसरी ज्वारी असून चालत नाही. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांनाही विश्वासात घ्यावे लागे. अशा रीतीने शेतकरी केवळ बियाणे विकत घेणारा राहिला नाही, तर ते तयार करणाराही झाला.

जालना हे तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. तेथे १९६४ सालीच बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी सुरू केली. कंपनीचे बियाणे परिसरातील शेतकरी आपल्या शेतांत पिकवून देऊ लागले. पुढे जालना बियाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाले.

सारे काही सुरळीत झाले असे मात्र नाही. नव्या ज्वारीची ताटे बुटकी असत. त्यामुळे जनावरांना कडबा कमी पडे. खोडमाशीचा त्रास होई आणि पावसात सापडलेले दाणे काळे पडत. शेतकऱ्यांच्या या तक्रारी खऱ्या होत्या. धान्याबरोबर कडबाही देणारे वाण शास्त्रज्ञांना पुढे शोधावे लागले. शेतकऱ्याचा अनुभव हीसुद्धा एक विद्याच आहे, हे यावरून दिसून आले.

शास्त्र आणि शेत यांची गाठ पडावी, यासाठी वसंतरावांच्या कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे स्थापन झाली. १९७२ साली भीषण दुष्काळ पडला. पाण्यावाचून चांगले बियाणेही वाया जाते, हे सर्वांना कळून चुकले. तेव्हा सरकारने लाखो लोकांना काम दिले. त्यांच्या हातून पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते तयार झाले.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी, परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जालना जिल्ह्यातील अनेक लहान शेतकरी आजही आपल्या शेतात बियाणे पिकवतात. त्यांनी तयार केलेले बियाणे दूरदूरच्या शेतांत रुजते.