शेत, समुद्र आणि भूक : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

झाशीतील मराठी मंडळींनी स्मरणिका काढावी आणि तीत महाराणी लक्ष्मीबाईंचे स्मरण नसावे, हे संभवत नाही. आम्ही मात्र या पानांवर अशा एका मराठी माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो की, ज्यांचे नाव या शहरात फार थोड्यांच्या कानांवर असेल. परंतु ज्यांनी आखून दिलेल्या कामाची खूण दरवर्षी चैत्राच्या सुमारास झाशी जिल्ह्याच्या गव्हाच्या शेतांत उमटत असते. संख्याशास्त्र हा विषय रुक्ष आहे, अशी आपली समजूत असते. डॉ. सुखात्मे यांनी त्याच शास्त्राने शेतातले धान्य मोजले, समुद्रातली मासळी मोजली आणि शेवटी माणसाची भूक मोजावयास घेतली.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. आधुनिक संख्याशास्त्राची घडण ज्यांच्या हातून चालली होती, ते रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन हे तिघेही त्या काळी तेथे होते. १९३६ साली सुखात्मे यांना पीएच. डी. मिळाली आणि १९३९ साली नमुना पाहणीच्या सिद्धान्तावरील कार्याबद्दल डी. एस्‌सी.

नमुना पाहणी म्हणजे काय, हे आपल्या वेत्रवतीच्याच उदाहरणाने सांगता येईल. बेतवेचे पाणी कसे आहे, हे ठरविण्यासाठी सारी नदी कोणी तपासू शकत नाही. काही बाटल्या भरूनच निर्णय करावा लागतो. पण सोयीच्या एका घाटावर सकाळी भरलेली बाटली पावसाळ्यातील लोंढ्याविषयी किंवा ज्येष्ठातील डोहाविषयी काय सांगणार? म्हणून नदीचे आणि ऋतूंचे भाग पाडावेत आणि जेथे पाणी अधिक बदलते, तेथून अधिक बाटल्या घ्याव्यात, असा नेमन यांच्या १९३४ सालच्या विवेचनाचा आशय होता. यात एक पेच आहे. कोणत्या भागात फरक अधिक, हे आधी ठाऊक कसे असणार? प्रथम एक लहानशी चाचणी घेऊन तिच्या आधाराने वाटणी केली तर काय साधते आणि काय निसटते, याचा विचार सुखात्मे यांनी १९३५ सालच्या आपल्या निबंधात केला. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

स्वदेशी परतल्यावर पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी त्यांची भेट झाली आणि या विद्येचा देशातील दरिद्री जनतेला उपयोग काय, असे पंडितजींनी विचारता या तरुण पंडिताला समाधानकारक उत्तर देता आले नाही, असा प्रसंग त्यांच्याविषयी सांगितला जातो. पुढील आयुष्य पाहता तो प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला असावा, असे आम्हांस वाटते. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेत अल्पकाळ अध्यापन करून १९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले.

त्या काळी देशात धान्य किती पिकले, हे आणेवारीवरून ठरत असे. पटवारी बांधावर उभा राहून पिकावर नजर टाकी आणि हे दहा आणे, ते बारा आणे, असे लिही. आणे कमी पडले तर साऱ्यात सूट मिळण्याचा संभव असे. तेव्हा नजर कोणत्या बाजूला झुकत असेल, हे खेड्यात राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, आणि देशात धान्य नक्की किती आहे याचा भरवशाचा आकडा सरकारजवळ नव्हता.

सुखात्मे यांनी नजरेऐवजी विळा आणि तराजू पुढे केला. तहसिलीतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गावे निवडावयाची, गावातून शेते, आणि शेतातून एक तुकडा. तो कापावयाचा, मळावयाचा आणि दाणे तोलावयाचे. तुकडा कोठला घ्यावा, हे कापणाऱ्याच्या मर्जीवर ठेवावयाचे नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. उत्तर प्रदेशात हा तुकडा समभुज त्रिकोणाचा असतो. पूर्वी त्याची भुजा तेहतीस फुटांची होती, आता दहा मीटरांची आहे. गव्हात दोरीने त्रिकोण आखणारा लेखपाल कोणी पाहिला असेल, तर ते काय चालले होते, हे आता ध्यानात येईल.

या तुकड्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत लहान तुकडे कापीत. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी होते आणि कडेवरची रोपे आत धरण्याकडे हाताचा कल असतो, त्यामुळे उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी मुरादाबादच्या गव्हाच्या शेतांत प्रयोग करून दाखविले. महालनोबिस यांचा अधिकार केवढा, हे सर्वांस विदित आहे. त्यांच्याशी मतभेद जाहीरपणे मांडणे सोपे नव्हते.

याच परिषदेने पुढे समुद्राकडे मोर्चा वळविला. शेत निदान जागचे हलत नाही. मासळी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर, वेगवेगळ्या वेळी, कधी रात्री उतरते आणि घटकाभरात विकलीही जाते. मलबार किनाऱ्यावर चाचणी करून सुखात्मे, मूळचे इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेतील विनायक गोविंद पानसे आणि शास्त्री यांनी पद्धत बसविली. होड्या लागण्याचे ठिकाण आणि दिवस यांची जोडी चिठ्ठीने निवडावयाची आणि त्या दिवशी आलेल्या होड्यांपैकी काहींची मासळी तोलावयाची. हा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जी गणना चालू ठेवली, ती याच धर्तीवर. पानसे आणि सुखात्मे यांचा १९५४ सालचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आल्या आहेत.

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९७१ पर्यंत रोम येथे तिच्या सांख्यिकी विभागाची धुरा त्यांनी वाहिली. जगातील दोनतृतीयांश लोक भुकेले आहेत, असे त्याच संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी सांगून ठेवले होते, आणि ते सर्वतोमुखी झाले होते. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशेब मांडला : पोटभर न मिळणारे शेकडा दहा ते पंधरा, उपासमार किंवा निकृष्ट आहार यांपैकी काहीतरी भोगणारे फार तर निम्मे. भुकेल्यांसाठी मदत मागणाऱ्या संघटनेच्याच अधिकाऱ्याने भुकेचा आकडा खाली आणावा, हे अनेकांना रुचले नाही. परंतु फुगलेल्या आकड्याने भुकेल्याचे भले होत नाही, असे ते मानीत. त्याच सोसायटीने १९६३ साली त्यांना गाय रौप्यपदक दिले. १९७१ साली भारत सरकारने पद्मभूषण किताब दिला.

निवृत्तीनंतर ते पुण्यास परतले, आणि येथून त्यांच्या जीवनातील सर्वांत वादग्रस्त भाग सुरू होतो. जगभर प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी चालू असता, नेहमीचे धान्य-डाळ पोटभर मिळाले तर प्रथिनेही बहुधा पुरतात, गरिबाला तुटवडा आहे तो मुळात अन्नाचाच, हे त्यांनी आग्रहाने मांडले. ते पुष्कळ अंशी मान्य झाले. पण कॅलिफोर्नियातील शेल्डन मार्गेन यांच्यासह ते आणखी पुढे गेले. एकाच माणसाची अन्नाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते, शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते; म्हणून सरासरी गरजेखाली आलेला प्रत्येकजण उपाशी मानू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे दरिद्री गणल्या जाणाऱ्यांची संख्या एकदम घटणार. पुण्यातच गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी यावर कठोर टीका केली. जुळवून घेताना शरीर काय गमावते, मूल खुजे राहते का, मजुराचे काम कमी होते का, हा त्यांचा सवाल होता. आम्हांला स्वतःला हा सवाल रास्त वाटतो. आकडा कमी दिसला की शिधा कमी करण्याचा मोह राज्यकर्त्यांना होतो, ही भीतीही खोटी नव्हती. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे : ज्या कसोटीने त्यांनी पटवाऱ्याची आणेवारी आणि महालनोबिसांचा तुकडा तपासला, तीच कसोटी ते येथेही लावू पाहत होते, वयाच्या सत्तरीत, बहुसंख्य तज्ज्ञ विरुद्ध असताना.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दारिद्र्यरेषा कोठे आखावी, यावर पुढेही समित्यांमागून समित्या बसत राहिल्या.